पावसाळ्यात समुद्र आणि समुद्री प्राणी: नागपूरहून कोकणात जावं की पूर्व किनाऱ्यावर?

नागपुरात कुणी समुद्राचं नाव काढलं की पाठोपाठ कोकणाचं नाव निघतंच. आपला समुद्र तोच, भाषा तीच, ओळखीपाळखीही तिकडेच. पण पोरांना मासे, कासवं, पेंग्विन दाखवायचेत आणि सवड नेमकी जून ते ऑगस्टमध्येच आहे, अशा घरांना मी एकच सांगतो. पाऊस बघायचा असेल तर कोकण गाठा. प्राणी बघायचे असतील तर पूर्वेकडे तोंड करा.

याचं कारण वाऱ्यात आहे. नैऋत्येचा मोसमी वारा पश्चिम किनाऱ्यावर समोरून आदळतो. समुद्र खवळलेला, पाणी गढूळ. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. मालवण-तारकर्लीचं स्कूबा, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी, गेटवेहून मांडव्याला जाणारी लाँच हे सगळं मेअखेरीला थांबतं, ते ऑगस्ट सरेपर्यंत. जुलैत मालवणला गेलात तर होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेल्या दिसतील. दृश्य सुंदर आहे, पण डॉल्फिन बघायला आलेल्या पोराला त्याचं काय? पूर्व किनाऱ्यावर हीच बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते. म्हणजे इकडे होड्या झाकून पडलेल्या असतात तेव्हा विशाखापट्टणमच्या बोटी नुकत्याच पाण्यात उतरलेल्या असतात. प्रवासाचा बेत आखताना हे वेळापत्रक कुणी बघतच नाही, आणि मला तर तेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

आधी कोकणाचं बोलू, कारण ओढ तिकडचीच असते. रत्नागिरीत कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. तिथलं मत्स्यालय आणि संग्रहालय लोकांना बघता येतं. काचेच्या टाक्यांमध्ये रंगीत मासे, बरण्यांमध्ये जतन केलेले समुद्री जीव, आणि देवमाशाचा अखंड सांगाडा. त्या सांगाड्यापाशी मुलं खरोखर गप्प होतात. पुस्तकातल्या चित्रावरून देवमाशाच्या आकाराचा अंदाज येत नाही, तिथे एकेक मणका बघितला की येतो. तिकीट किरकोळ, माहिती मराठीत, आणि केंद्र अभ्यासाचं असल्यामुळे दिखाऊपणा नाही. मात्र हे सारं दोनेक तासांचं काम आहे. तेवढ्यासाठी नागपूरहून महाराष्ट्र आडवा पार करायचा, तोही हंगामात ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात जाण्यासाठी! पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक लागतं, गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवतात. दरड आली तर अख्खा दिवस रुळावरच जातो. रस्त्यानं गेलात तरी घाट चुकत नाहीत. हिरवागार डोंगर, लाल पाणी, कौलांवरचा पाऊस यासाठी जाणार असाल तर जरूर जा, तसा पाऊस विदर्भात नाही. प्राण्यांसाठी मात्र दिवाळीनंतरचा बेत करा. तेव्हा डॉल्फिन फेऱ्या सुरू असतात, आणि फेब्रुवारी-मार्चपासून वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसतात.

मुंबईचं नाव घेताना एक गोष्ट आधी लक्षात घ्या. १९५१ साली सुरू झालेलं मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय गेली काही वर्षं बंद आहे. आईबाबांनी लहानपणी ते बघितलेलं असतं, म्हणून आधी तिथेच टॅक्सी जाते. त्याऐवजी भायखळ्याची राणीची बाग गाठा. २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आलेल्या हम्बोल्ट पेंग्विनांचं कुटुंब तिथे आता बरंच वाढलंय. हे पेंग्विन बर्फातले नव्हेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. थंड सागरी प्रवाहाकाठी राहणारे, म्हणून त्यांच्यासाठी दालन गार ठेवलेलं आहे. काचेपलीकडे ते पाण्याखाली सुळकन जातात तेव्हा हा पक्षी पोहताना उडतोच आहे असं वाटतं. रात्रभराच्या गाडीनं जाऊन येण्यासारखं आहे, फक्त बाग बुधवारी बंद असते. आणि पावसात जुहू-गिरगावला वाळूवर निळा, फुग्यासारखा चकचकीत जीव पडलेला दिसला तर मुलांना हात लावू देऊ नका. त्याला ब्लू बॉटल म्हणतात. मेल्यावरही त्याच्या लांब धाग्यांचा दंश जबर असतो. लागलाच तर वाळूनं चोळू नका, समुद्राच्याच पाण्यानं धुवा आणि डॉक्टरकडे जा.

आता विशाखापट्टणम. समता एक्स्प्रेस नागपूरहून गोंदिया, रायपूर, टिटलागड, रायगडा करत जाते. रायगड्यापुढचे पूर्व घाटाचे डोंगर पावसात इतके हिरवे असतात की दारात उभं राहायला आपसात नंबर लावावे लागतात. आरके बीचवर मत्स्यदर्शिनी नावाचं मत्स्यालय आहे. ते लहान आणि जुनं आहे, केवळ त्याच्यासाठी कुणी जाऊ नये. जायचं ते पहाटे मच्छीमार बंदरावर. खरं प्राणीदर्शन तिथे होतं.

बोटी लागतात, क्रेट उतरतात, तेलुगूत लिलाव सुरू होतो. कुपा, सुरमई, कोळंबी, नांग्या बांधलेले खेकडे. पाकट (पसरट अंगाचा, शेपटीवाला मासा) उलटं पडलेलं असलं तर मुलांना नक्की दाखवा. त्याचं तोंड पोटाच्या बाजूला असतं. तोंडावरच्या दोन नाकपुड्या मुलांना डोळे वाटतात, आणि डोळे तर पाठीवर असतात! ताज्या माकुलाच्या (स्क्विडच्या) अंगावरचे ठिपके जीव गेल्यावरही थोडा वेळ लहानमोठे होत राहतात. त्याच्या कातडीतल्या रंगाच्या पेशी अजून आकसत-फुलत असतात. हे कुठल्याही टाकीच्या काचेतून दिसत नाही. अर्थात हे प्राणी मेलेले किंवा मरणारे असतात, वास असतो, पायाखाली चिखल असतो. हळव्या मुलाला नेण्याआधी विचार करा. शाकाहारी घरांनी तर नक्कीच.

दिवसा बघायला आरके बीचवर कुर्सुरा पाणबुडी आहे. नौदलातून २००१ मध्ये निवृत्त झालेली ही पाणबुडी २००२ पासून संग्रहालय म्हणून वाळूवर उभी आहे. आतली दारं गोल आणि अरुंद आहेत, वाकून पाय उचलून जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आजींना बाहेर समुद्राकडे तोंड करून बसवलेलं बरं. पाऊस इथे असतो, पण दिवसदिवस कोंडून ठेवणारा नसतो. पाण्यात मात्र उतरू नका. या किनाऱ्यावर लाट परतताना आत ओढते, आणि चांगले पोहणारेही तिथे बुडालेत.

चेन्नईचं गणित वेगळं. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. जुलैत उकाडा आणि एखादी संध्याकाळची सर. पावसाची हौस फिटणार नाही, पण बोगद्यातून चालताना डोक्यावरून पाकटं आणि शार्क जाताना बघायचे असतील तर या सगळ्या ठिकाणांत चेन्नईच योग्य. ईस्ट कोस्ट रोडवर इंजंबाक्कमला २०१९ पासून व्हीजीपी मरीन किंगडम हे बोगद्याचं मोठं मत्स्यालय आहे. चार जणांचं तिकीट खिशाला जाणवतं. पण सगळं छताखाली आणि गार, त्यामुळे पाच-सहा वर्षांची मुलं आणि वयस्कर माणसं दोघांचीही सोय होते. त्याच रस्त्यावर पुढे मद्रास क्रोकोडाइल बँक आहे, रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेली. तिथे खाऱ्या पाण्यातली मगरही आहे, ही जात निसर्गात खाडी ओलांडून समुद्रातही पोहत जाते. त्याच्याही पुढे महाबलीपुरम. एका दिवसात तिन्ही कोंबू नका, मुलं चिडचिडी होतात आणि मगरी घाईत बघण्यासारख्या नाहीत.

मुलं हमखास विचारतात, खेळात उड्या मारून दाखवणारे डॉल्फिन कुठे दिसतील? भारतात कुठेच नाही, आणि मला ते योग्यच वाटतं. केंद्र सरकारनं २०१३ मध्ये डॉल्फिनचे खेळ दाखवणाऱ्या केंद्रांना परवानगी द्यायची नाही असं ठरवलं. आवाजाच्या प्रतिध्वनीवरून जग ओळखणारा प्राणी सिमेंटच्या तलावात ठेवला की त्याचाच आवाज चारी भिंतींवरून त्याच्यावर येऊन आदळतो. हे मुलांना सांगितलं की त्यांना कळतं. मोकळे डॉल्फिन बघायचेच असतील तर ओडिशात चिल्का सरोवराच्या सातपाड्याहून होडी मिळते. तिथले इरावदी डॉल्फिन बोथट तोंडाचे, पाण्यावर जेमतेम पाठ दाखवणारे. नागपूरहून पुरीची गाडी आहे, पण तिथेही होडी हवामान बघूनच सुटते. म्हणून हा बेत हिवाळ्यासाठी ठेवा.

तारखांचं थोडं. राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात उन्हामुळे उशिरा. १५ जूननंतरचे ते मोकळे दिवस विशाखापट्टणमसाठी चांगले, बंदी नुकतीच उठलेली असते. दमट उकाडा सोसायची तयारी मात्र हवी. पोळा आणि तान्हा पोळ्याची जोडसुट्टीही चालेल, पण मारबतीची मिरवणूक चुकवायला घरची मंडळी तयार आहेत का ते आधी विचारून घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्व किनारा टाळा, तो चक्रीवादळांचा काळ. २०१४ चं हुदहुद १२ ऑक्टोबरला थेट विशाखापट्टणमवरच आलं होतं.

आणि शनिवार-रविवार-सोमवार असा बेत करणाऱ्यांसाठी: कुर्सुरा आणि क्रोकोडाइल बँक दोन्ही सोमवारी बंद असतात. शुक्रवारी पोहोचेल अशी गाडी धरा.