गॅरेजच्या भिंतीवर कोणता सिलिंडर : पावडर की सीओटू?

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा कार्बोरेटर जुळवत होतो. एअर फिल्टर काढून ठेवलेला, टायमिंग थोडं हललेलं. स्टार्टर मारला आणि कार्बोरेटरच्या तोंडातून फटकन जाळ वर आला. भिंतीवर आग विझवायचा चार किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर टांगलेला होता. पण ही पावडर इंजिनात गेली तर निस्तरायचं कोणी, या विचाराने मी ओलं पोतं शोधत फिरलो. शेवटी शेजारच्या काकांनी पिन ओढली. तीन सेकंदांत खेळ आटोपला. जळालं काय, तर एक रबरी होज आणि वीतभर वायर. पावडर मात्र पुढे दोन महिने निघत होती. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपखाली, फ्यूज बॉक्समध्ये, वायपरच्या खाचेत. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरे फुटवे आले ते वेगळेच.

घरी गाडीचं काम करणाऱ्याने सिलिंडर घेताना मला वाटतं हेच आधी बघावं : वेळ आली की आपला हात कशाकडे कचरणार नाही?

एबीसी म्हणजे घन, द्रव आणि वायू अशा तिन्ही तऱ्हेच्या आगींवर चालणारी पावडर; तिच्यात मुख्य माल असतो मोनो अमोनियम फॉस्फेट. उष्णतेने तो वितळतो आणि जळत्या वस्तूवर चिकट थर धरतो. म्हणून सांडलेलं पेट्रोल, सीटचा फोम, टायर, कोपऱ्यातले तेलकट बोळे, सगळ्यावर तो चालतो. पण चिकटतो म्हणूनच छळतोही. हवेतला ओलावा लागला की आम्लधर्मी होतो आणि कनेक्टर, अ‍ॅल्युमिनियम खायला लागतो. पावसाळ्यात तर विचारूच नका. वापरलीच तर आधी कोरडी असतानाच ब्लोअरने, व्हॅक्युमने काढा, मग पाणी. आणि इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनच्या हवा ओढायच्या वाटेत, गेल्याची शंका असेल तर साफ केल्याशिवाय इंजिन चालू करू नका.

सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू, तो मागे काहीच ठेवत नाही. वायरिंगवर, चालू विजेवर निर्धास्त मारता येतो. बॉनेटखालच्या आगीला तर तो फार सोयीचा. बॉनेट सताड उघडलं की आत हवा घुसते आणि जाळ भडकतो, म्हणून फक्त खटका सोडून फटीतून सिलिंडरचा हॉर्न, म्हणजे पुढचं भोंग्यासारखं तोंड, आत रोखायचा. कोंदट जागेत वायू टिकतो आणि काम करतो. हॉर्नला मात्र उघड्या हाताने धरू नका, हात गारठून भाजतो.

त्याची खोट अशी की तो थंड फारसा करत नाही. इंजिनचा मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारी नळी) तापलेला असेल आणि पेट्रोल अजून टपकत असेल, तर विझलेली आग परत पेटते. इंजेक्शनच्या गाडीत इग्निशन बंद केल्याशिवाय पेट्रोलचा विजेवरचा पंप थांबेलच याचा भरवसा नाही. शिवाय झोत जेमतेम एक-दोन मीटर जातो, पावडरचा त्याहून लांब. वजनही भारी : साडेचार किलोचा सीओटू उचलायला चौदा-पंधरा किलो भरतो, कारण दाब पेलायला पोलाद जाड लागतं. सारख्या मापाच्या पावडरपेक्षा किंमत दुप्पट-तिप्पट.

आता जागा. आपल्याकडे ‘गॅरेज’ म्हणजे बहुतेकदा बंगल्याचा पोर्च नाहीतर इमारतीखालचं उघडं पार्किंग. वारा असला की तिथे सीओटू उडून जातो. तिथे पावडरच, दुसरा विचार नको. शटरच्या बंद गॅरेजात सीओटू छान चालतो, पण तोच वायू तुमचाही श्वास कोंडतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे खाली काम करायचा खड्डा असेल तर थेट त्यात साचतो. मारायचा आणि बाहेर पडायचं. पेट्रोलची वाफही जडच असते आणि त्याच खड्ड्यात उतरते, हे ओघाने आलंच.

बाकीचे पर्याय थोडक्यात. क्लीन एजंट, म्हणजे मागे काही न ठेवता उडून जाणाऱ्या रसायनाचा सिलिंडर, डाग ठेवत नाही आणि उचलायला सीओटूपेक्षा हलका, पण खिशाला झेपला तर. फोम सांडलेल्या पेट्रोलवर उत्तम, चालू विजेवर नको. घरात नऊ लिटरचं धूड कोण सांभाळणार? छताला लावायचा मॉड्युलर सिलिंडर ६८ अंशांना काचेचा बल्ब फुटून आपोआप सुटतो. रात्री चार्जर लावून झोपणाऱ्याला तो उपयोगी, पण पावडर सगळ्या गाडीवर बरसते. गाडीत ठेवायचा टीचभर स्प्रे मी मोजतच नाही. आणि इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी पेटली तर यातलं काहीच पुरत नाही. माणसं बाहेर काढा आणि १०१ लावा. सीएनजीची ज्योत असेल तर आधी व्हॉल्व्ह बंद करा. नुसती ज्योत विझवली तर गॅस साचत राहतो.

एकच घ्यायचा असेल तर चार किंवा सहा किलोचा एबीसी, आयएसआय मार्क बघून. एक-दोन किलोचा आठ-दहा सेकंदांत रिकामा होतो आणि पहिले दोन-तीन नेम धरण्यातच जातात. दोन परवडत असतील तर हाताशी सीओटू, दाराशी पावडर. मी आता तसंच केलंय. सीओटूची पिन ओढताना मी गाडीकडे बघून थबकणार नाही. आणि तो कमी पडला तर तोवर गाडीचा मोह संपलेला असेल.

दोन्ही बाहेर पडायच्या वाटेवर टांगा, कामाच्या टेबलामागे नकोत. आगीच्या पलीकडे हात घालून सिलिंडर कोणी काढत नाही. जमिनीवर ठेवलात तर ओलीने बूड गंजतं. पावडरचा काटा हिरव्यात आहे ना, ते महिन्याला बघा आणि तीन महिन्यांतून एकदा सिलिंडर उलटा करून हलवा, आतली पावडर बसून दगड होते. सीओटूला काटाच नसतो, तो वजनावर तपासायचा. रिकामं वजन त्यावरच ठोकलेलं असतं. वायूच्या वजनात दहावा हिस्सा घट दिसली की भरायला द्यायचा. आमच्या कोपऱ्यावरचा भंगारवाला त्याच्या काट्यावर फुकट करून देतो, फक्त दर वेळी विचारतो, ‘साहेब, विकायचाय का?’