पाव किलोच्या प्लेट्स: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

व्यायामाच्या बारला लावायच्या वजनाच्या आठ लहान प्लेट्सचा संच माझ्याकडे आहे. पाव, अर्धा, पाऊण आणि एक किलो, प्रत्येकी एक जोडी. लोखंडी, वरून रंग दिलेल्या, ५० मिमी जाड टोकांच्या ऑलिंपिक बारवर, म्हणजे वजन उचलायच्या लांब लोखंडी दांड्यावर, बसणाऱ्या. सात-आठ महिने सतत वापरून झाल्यावर आधी निकाल सांगते: ओव्हरहेड प्रेस (उभं राहून बार खांद्यापासून डोक्यावर ढकलणं) आणि बेंच प्रेस (बाकावर पडून बार छातीपासून वर ढकलणं) यांसाठी इतकी कामाची वस्तू माझ्या बॅगेत दुसरी नाही. स्क्वॉटला (बार खांद्यावर घेऊन बसणं-उठणं) मात्र यांचा फारसा उपयोग झाला नाही. तो का झाला नाही, हेही लिहायला हवं, कारण मला जास्त शिकायला मिळालं ते तिथेच.

मी सतरा वर्षांची, वजन ५२ किलो, खेळ लांब उडी. उडीसाठी ताकद लागते म्हणून वेट ट्रेनिंग सुरू केलं. पहिले काही आठवडे वजन भराभर वाढलं. ही वाढ सगळ्यांनाच मिळते. त्या काळात स्नायू फारसे मोठे झालेले नसतात; आहेत तेच स्नायू एकत्र आणि जोराने वापरायला मज्जासंस्था शिकत असते. हा टप्पा संपला की वेग मंदावतो आणि खरी झुंज सुरू होते. माझी ओव्हरहेड प्रेस २२.५ किलोवर येऊन जी अडकली, ती हलायचं नावच घेईना.

साध्या जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट सव्वा किलोची असते. दोन्ही बाजूंना एकेक लावली की अडीच किलो वाढले. १०० किलोचा स्क्वॉट मारणाऱ्यासाठी ही वाढ अडीच टक्के. नुसता २० किलोचा बार डोक्यावर नेणाऱ्या मुलीसाठी तीच वाढ साडेबारा टक्के! प्लेट तीच, पण एकाला पायरी आणि दुसरीला भिंत. २२.५ चे पाच रेप, म्हणजे बार सलग पाचदा वर नेणं, स्वच्छ जायचे. २५ लावले की पहिला रेप कसाबसा वर जायचा आणि दुसऱ्याला बार कपाळाच्या उंचीवर थांबायचा. कमरेत बाक यायचा, कोपरं बाहेर पळायची. आजूबाजूचे म्हणायचे, जोर कमी पडतोय, मन घट्ट कर. जोर मी लावतच होते. कोवळ्या वयाच्या कितीतरी मुली इथेच ‘आपल्या अंगात ताकदच नाही’ असं मनाशी ठरवून वजन सोडतात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वजन थोडंथोडं वाढवण्याची कल्पना काही नवी नाही. १९४० च्या दशकात थॉमस डीलॉर्म नावाच्या अमेरिकी लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांच्या अशक्त पायांना टप्प्याटप्प्याने वजन वाढवत ताकद आणली. आजची पद्धत बरीचशी त्याच्याच वाटेने आली आहे. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेतही वजन साधारणपणे अडीच किलोच्या पटीतच मागावं लागायचं. २००५ पासून एक-एक किलोने वाढवता येतं. जगातले सगळ्यात ताकदवान लोक एका किलोचा हिशेब ठेवतात, तर २२ किलो दाबणाऱ्या मुलीने अर्ध्या किलोचा ठेवलाच पाहिजे.

माझी पद्धत सोपी आहे. पाच रेपचे तीन सेट, म्हणजे मधे विश्रांती घेत तीन फेऱ्या. तिन्ही सेट नीट गेले, म्हणजे शेवटच्या रेपलाही कंबर सरळ आणि डोकं बारच्या खालून पुढे आलं, तर पुढच्या वेळी दोन्ही बाजूंना पाव-पाव किलो. एखादा रेप गेला नाही, तर वजन तेच. २२.५ नंतर २३, मग २३.५. पाव किलोच्या त्या चकत्या तळहातात मावतात. बारवर चढवताना खरंच काही वाढलंय असं वाटतही नाही. आणि तेच हवं असतं. २५ किलो आले तेव्हा माझ्यासाठी ते मागच्या वेळेपेक्षा फक्त अर्धा किलो जास्त होते. पाचही रेप गेले, बार कपाळापाशी जरा रेंगाळला आणि वर गेला. आता प्रेस ३० वर आहे. मधे दोनदा अडकले, तेव्हा थोडं मागे येऊन पुन्हा चढले. बेंचही तशीच हळूहळू वाढली.

आता स्क्वॉट. ५० किलोवर अडीच किलो म्हणजे पाच टक्के, आणि पाय-नितंबांचे मोठे स्नायू तेवढी वाढ पेलतात. तरी माझा स्क्वॉट अडकला होता, म्हणून तिथेही पाव-पाव किलो लावून पाहिले. ढिम्म. शेवटी माझ्या प्रशिक्षक सरांनी माझी व्यायामाच्या नोंदींची वही मागितली आणि बराच वेळ पानं चाळत बसले. मग म्हणाले, “तुझे रेप कुठल्या वाराला चुकतायत ते बघ.” जवळजवळ सगळे चुकलेले सेट उडीच्या जोरदार सरावाच्या दुसऱ्या दिवशीचे निघाले. पाय आधीच थकलेले. त्यांच्यावर अर्धा किलो ठेवा नाहीतर दोन, काय फरक पडणार? सरांनी स्क्वॉट सरावाच्याच दिवशी, मधे काही तास सोडून ठेवला आणि दुसरा दिवस पायांसाठी मोकळा केला. दोन सेटमधली विश्रांती मिनिटभरावरून तीन मिनिटांवर नेली. त्यानंतर स्क्वॉट सव्वा-सव्वाच्या प्लेट्सनीच पुढे सरकला.

खाणं आणि झोप यांना पर्याय देणारी प्लेट कुठलीच नसते. ताकदीच्या व्यायामासोबत दिवसाला शरीराच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रोटीन, असा हिशेब सर्रास धरतात. माझ्या वजनाला ते साधारण ८३ ग्रॅम होतं. १३ ते १८ वयात आठ ते दहा तास झोप हवी. मुलींसाठी आणखी एक, आणि हे संकोच न करता वाचा: सराव वाढला, खाणं तेवढंच राहिलं आणि पाळी चुकायला लागली, तर वजन वाढवणं थांबवून आधी डॉक्टरांकडे जा. शरीराला ऊर्जा पुरत नसल्याची ती खूण असू शकते आणि त्यात हाडंही कमकुवत होतात. वजन उचललं की उंची खुंटते, हे मात्र मनातून काढून टाका. जाणकाराच्या देखरेखीखाली, नीट फॉर्मने केलेल्या वेट ट्रेनिंगने तसं होत असल्याचा पुरावा नाही.

आता वस्तूतले दोष. घरी आल्यावर सगळ्या प्लेट्स वजनकाट्यावर ठेवल्या. लहान सगळ्या बरोबर भरल्या, एक किलोची एक प्लेट मात्र ३० ग्रॅमने कमी. तेवढं चालेल. खरा गोंधळ जिमच्या प्लेट्समध्ये निघाला: सव्वा किलो लिहिलेल्या दोन प्लेट्समध्ये शंभर ग्रॅमहून जास्त फरक होता! मोठ्या प्लेट्समध्ये तर फरक याहून मोठा असू शकतो, आणि मग तुमचा पाव किलो त्यातच बुडतो. म्हणून दर वेळी तोच बार आणि त्याच प्लेट्स घ्यायच्या. मी परवानगी घेऊन त्यांना रंगीत टेपचा तुकडा चिकटवलाय.

भोक जरा मोठं आहे. त्यामुळे बार वर जाताना प्लेट्स खुळखुळतात आणि स्प्रिंगचा कॉलर (प्लेट्स जागेवर धरणारा चाप) घट्ट दाबून लावला नाही तर सरकतात. लावायच्या नेहमी सगळ्यात बाहेर. दोन मोठ्या प्लेट्सच्या मधे पातळ चकती अडकली की काढताना बोटं चेमटतात. रंग कडांना उडालाय, त्याने काही बिघडत नाही. सेटसोबत आलेली कापडी पिशवी लवकरच फाटली. डंबेलवर या गोल प्लेट्स बसत नाहीत; त्यासाठी चुंबकाच्या वेगळ्या मिळतात, पण घेण्याआधी तुमच्या डंबेलचं डोकं उघड्या लोखंडाचं आहे ना ते बघा, जाड रबरावर त्या नीट धरत नाहीत.

पुन्हा घ्यायच्या झाल्या तर याच मापाच्या घेईन, फक्त भोक बारवर घट्ट बसणारं बघेन. तुमची प्रेस ४० किलोच्या आत असेल तर जरूर घ्या. फक्त स्क्वॉट किंवा डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलणं) अडकली असेल तर आधी महिनाभर वही लिहा, त्यात सरावाचे दिवस आणि झोपेचे तासही टाका, आणि मग ठरवा. चिन-अप (आडव्या दांड्याला लटकून हनुवटी वर नेणं) करणाऱ्यांना एक जास्तीचा उपयोग: प्लेटच्या भोकातून पट्टा ओवून कमरेला बांधता येतो. सध्या माझ्या चिन-अपला पाऊण किलो लटकतोय, पुढच्या आठवड्यात एक लावून बघणार आहे.