पत्रकारिता की संज्ञापन?

दोन्ही अभ्यासक्रम माध्यमांचेच. पत्रकारितेत सुरुवातीपासून बातमी लिहायची, मुलाखत घ्यायची आणि वेळेत द्यायची. संज्ञापनात, म्हणजे कम्युनिकेशन स्टडीजमध्ये, प्रश्न वेगळा: त्या बातमीचा लोकांवर परिणाम काय होतो? १९६८च्या अमेरिकी निवडणुकीत मॅककोम्ब्ज आणि शॉ या संशोधकांनी चॅपल हिल या अमेरिकी शहरातल्या, मत न ठरलेल्या मतदारांना महत्त्वाचे मुद्दे विचारले. माध्यमांनी ज्यांवर भर दिला होता, जवळपास तेच मुद्दे त्यांनी सांगितले! १९७२मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आजही शिकवला जातो.

लिहिण्याची, फिरण्याची ओढ असेल तर पत्रकारिताच घ्या. माझा कल मात्र संज्ञापनाकडे. कॅमेरा, संपादन नोकरीतही शिकता येतं. सर्वेक्षण पारखायला तिथे सहसा कोणी शिकवत नाही. फक्त प्रवेशाआधी अभ्यासक्रमात ‘संशोधन पद्धती’ हा विषय आहे ना, एवढं जरूर पाहा.