मुरुडची खोली, ४८,२२१ रुपयांना

४८,२२१ रुपये. मुरुडला शनिवार-रविवार राहायला खोली हवी होती, त्यापायी एवढे गेले आणि खोली मिळाली ती नाहीच. मुरुड, काशीद, हरिहरेश्वर, कुठेही जोडून सुट्टीला निघणार असाल तर आधी हे वाचा, मग मला मूर्ख म्हणा. घरचे म्हणून झालेत.

मी आणि माझी मैत्रीण, दोघींनी साठी गाठलेली. गाडी तिची. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, इंदापूर, तळा करत मुरुड. वाटेत कुडा लेणी, मग खोकरीला सिद्दी सुरूलखानाचा मकबरा, रविवारी राजपुरीहून होडीने जंजिरा आणि वळसा पडला तरी परतताना कोर्लई. जंजिरा पावसाळ्यात बंद असतो, म्हणून थंडीत ठरवलं, आणि थंडीत तिकडे खोल्यांची मारामारी असते. दोघी बायकांनी अनोळखी गावात अंधार पडल्यावर 'खोली आहे का हो' विचारत हिंडायचं हे वय नाही. म्हणून आधी बुकिंग. यात माझं काय चुकलं?

नंबर मी कुठल्या भलत्यासलत्या जाहिरातीतून घेतलेला नव्हता. फोनमधल्या नकाशावर हॉटेल शोधलं. फोटो खरे, समुद्र खरा, लोकांचे अभिप्राय खरे. हॉटेलसुद्धा खरं आहे, त्याच जागी उभं आहे. खोटा होता तो फक्त फोन नंबर. नकाशावरची माहिती 'दुरुस्त' करायची सोय कुणालाही असते, आणि चोर तेवढंच करतात. हॉटेलच्या नावाने हुबेहूब वेबसाइटही काढतात. तेव्हा नकाशावरचा नंबर म्हणजे दुकानावरची पाटी नव्हे. तिथे जाऊन आलेल्या कुणाकडून नंबर घ्या, नाहीतर जुनं बिल शोधा.

फोनवरचा माणूस मराठी. चांगलं, कोकणातलं मराठी. 'ताम्हिणीतून येताय ना मॅडम? घाटात रेंज जाते, तेव्हा ॲडव्हान्सचं आजच करून टाका.' घाटात रेंज जाते हे खरंच आहे, त्यामुळे माणूस तिथलाच वाटला. दोन रात्रींचे ७,०००, निम्मे आगाऊ. शुक्रवारी संध्याकाळी ३,५०० पाठवले.

पाठवताना स्क्रीनवर पैसे घेणाऱ्याचं नाव आलं. ते हॉटेलचं नव्हतं, कुणा बाप्याचं होतं, आडनाव आपल्याकडचं नव्हे. हाच तो क्षण. मी ते नाव वाचलं. नीट वाचलं. आणि मनात काय आलं, तर कोकणात घरगुती मुक्कामाचे पैसे मालकाच्या मुलाच्या, मेहुण्याच्या, मॅनेजरच्या, कुणाच्याही नावावर घेतात. घेतातच की! गणपतीपुळ्याला आम्ही असेच दिले होते आणि खोली फर्स्टक्लास मिळाली होती. पतसंस्थेत लोकांच्या सह्या पडताळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, स्लिपवर आडनावाचं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी मी पैसे काढू देत नसे. आणि इथे सबंध नावच वेगळं, तर मीच त्याला कारण शोधून दिलं.

शनिवारी घाट उतरून चहाला थांबलो तेव्हा त्याचा फोन आला. गर्दी फार आहे, पूर्ण पैसे आल्याशिवाय सिस्टिम खोली धरून ठेवत नाही. आणखी ३,५०० पाठवले. लगेच पुन्हा फोन. 'मॅडम, तुमचा बुकिंग कोड आहे १८७४१. तो रकमेच्या जागी टाकायचा. पैसे कटले असं दिसेल, पाच मिनिटांत आपोआप रिव्हर्स होतात.' स्पीकर चालू, मागे ट्रकचे हॉर्न, रेंजची एकच काडी, टपरीवाला सुट्ट्यांसाठी उभा, मैत्रीण म्हणतेय ऊन चढायच्या आत लेणी बघू. मी १८,७४१ टाकून पिन मारला.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन फक्त द्यायला लागतो. हे मी स्वतः सोसायटीतल्या बायकांना शिकवलंय.

पाच मिनिटांनी पैसे आले नाहीत. तो म्हणाला, तुमच्या खात्यावर रिव्हर्स बसत नाहीये, बरोबरच्या पाहुण्यांचं खातं चालेल. नवा कोड २२४८०. मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या भरवशावर २२,४८० पाठवले. याची लाज मला माझ्या पैशांपेक्षा जास्त आहे. तिसरा कोड तो सांगू लागला तेव्हा तिने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. त्यानंतर त्याने आमचे नंबर ब्लॉक केले.

आता खरी कथा. अशा वेळी पहिला फोन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला लावायचा, उभ्याउभ्या, पोलीस ठाणं शोधत बसायचं नाही. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात, तेव्हा मिनिटं मोलाची. आम्ही शहाण्या नागरिकांसारख्या आधी जवळच्या ठाण्यात गेलो. अंमलदार फोनवर, साहेब बंदोबस्ताला. मग म्हणे अर्ज लिहा. कागद स्वतःचा. अर्जाच्या दोन झेरॉक्स, झेरॉक्सचं दुकान स्टँडजवळ. परत आलो तर दुसरेच बसलेले. त्यांनी अर्ज वाचला, हसले आणि विचारलं, 'ताई, पिन तुम्हीच टाकला ना? मग आम्ही काय करणार?' खातं पुण्याचं आहे, पुण्यात जा. पुण्यात गेलो तर घटना तिकडे घडली, तिकडे जा.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, पोलिसांनी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची असते. हे मी कागदावर लिहून नेलं. 'कायदा आम्हाला शिकवू नका,' असं उत्तर मिळालं. अर्जावर पोचेचा शिक्का मारायलासुद्धा त्यांच्याकडे शाई नव्हती! पोच घेतल्याशिवाय हलू नका. शाई मिळते.

१९३० वर तक्रार शेवटी त्या पहिल्या ठाण्याच्या पायरीवरून केली होती, तिचा क्रमांक आला. पण ती तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, हे कुणी सांगत नाही.

बँकेची तऱ्हा निराळी. फसव्या व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, याचं रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी पुढे केलं. तीन कामकाजी दिवसांत कळवायचं असतं, मी त्याच दिवशी कळवलेलं. काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, ते ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे, तुमचा तर अधिकृत आहे, पिन तुमचाच. म्हणजे फसवून घेतलेली सही ही सहीच. मॅनेजर भेटले नाहीत. ते ऑनलाइन फसवणुकीवरच्या जनजागृती कार्यक्रमाला गेले होते.

जंजिरा बघितला, हो. शनिवारी रात्री खऱ्या हॉटेलच्या मालकाने कोपऱ्यातली एक खोली उघडून दिली. त्यांच्याकडे असे ठकलेले लोक दर सुट्टीला येतात. ते नंबर दुरुस्त करतात, पुन्हा कुणीतरी बदलतो. दुसऱ्या दिवशी गाइड कलालबांगडी तोफ दाखवत होता, दाराशी पंजात हत्ती धरलेला वाघ दाखवत होता, आणि मी मनातल्या मनात ७,००० अधिक १८,७४१ करत होते. मैत्रीण काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

तिचे २२,४८० मी तिला दिले. ती घेत नव्हती, तिच्या सुनेकडे दिले.

परवा तो नंबर दुसऱ्या फोनवरून लावून बघितला. उचलला. 'सी-फेसिंग एकच राहिली आहे मॅडम.' नंबर चालू असल्याचं पोलिसांना लेखी कळवलंय, पोच घेतलीय.

माझ्या पैशांपैकी ६,३०० कुठल्याशा तिसऱ्या खात्यात गोठवलेत असं बँकेचं पत्र आलं. सोडवायला न्यायालयाचा आदेश आणा म्हणाले. वकिलाने फी सांगितली ५,०००, टायपिंग वेगळं. अर्ज मी स्वतःच लिहायला घेतलाय.