वळवाच्या वाऱ्यात टिकलेली गच्चीवरची शेड : वागळे इस्टेटमधील एका फॅब्रिकेटरच्या कामाविषयी

१३ मे २०२४ च्या दुपारी आलेल्या धुळीच्या वादळात घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला आणि ठाणे-मुलुंड दरम्यान ओव्हरहेड वायरचा खांब वाकल्याने लोकल थांबल्या. त्याच दुपारी ठाण्यातील पोखरण रोड क्रमांक २ वरील आमच्या सोसायटीच्या गच्चीवरील शेडचे चार पत्रे उखडले आणि त्यांतील दोन थेट पार्किंगमध्ये येऊन पडले. खाली त्या वेळी कोणी नव्हते, एवढेच नशीब. पुढच्याच महिन्यात उपवनजवळच्या गावंड बागेत पत्र्याची शेड फुटबॉल टर्फवर कोसळून तिथे खेळणारी मुले जखमी झाली, तेव्हा ‘पावसाळ्यानंतर पाहू’ म्हणणाऱ्या आमच्या सभासदांनीही विरोध सोडला आणि वागळे इस्टेटमधील एका फॅब्रिकेशन वर्कशॉपला शेडचे काम देण्याचे ठरले.

इतर दोघांनी कोटेशन देताना पत्रा किती जाड घालणार एवढेच सांगितले होते. या कारागिरांनी मात्र आधी कोपरे तपासले, आणि मला त्यांचे हेच सर्वांत मोलाचे वाटते. वळवाच्या ढगातून पडणाऱ्या पावसाचे थेंब वाटेतच सुकू लागले की हवा गार आणि जड होऊन वेगाने खाली येते व जमिनीलगत चहूकडे पसरते. हा झोत बाजूंनी उघड्या शेडला खालून रेटतो आणि त्याच वेळी छतावरून वाहताना पत्रा वर ओढतो. ही ओढ कडांना आणि कोपऱ्यांना सर्वाधिक असते. आमचे उखडलेले चारही पत्रे कोपऱ्यातलेच होते. मुंबईसाठी भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात (इमारतींवर वाऱ्याचा भार किती धरायचा ते सांगणाऱ्या) वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरलेला आहे. जुन्या शेडच्या बेस प्लेट, म्हणजे खांबांच्या तळाच्या लोखंडी पट्ट्या, मात्र वॉटरप्रूफिंगच्या थरात जेमतेम रुतलेल्या होत्या आणि परलिनचे, म्हणजे पत्रे ज्यांवर बसतात त्या आडव्या लोखंडी पट्ट्यांचे, वेल्डिंग गंजून नुसते टेकून राहिले होते.

नव्या कामात बेस प्लेट थेट इमारतीच्या आरसीसी कॉलमवर केमिकल अँकरने (भोकात रासायनिक चिकटद्रव्य भरून पक्क्या केलेल्या बोल्टने) बसवल्या आहेत, शेडच्या दोन्ही टोकांच्या गाळ्यांत, म्हणजे खांबांमधल्या भागांत, परलिन जवळजवळ घेतले आहेत आणि कडेच्या पत्र्यांना प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू मारला आहे. भिंतीबाहेर अडीच फूट आलेला पत्रा त्यांनी एका फुटावर आणला. त्याने खिडक्यांवर पाऊस थोडा अधिक येतो, म्हणून वरच्या मजल्यावरील रहिवासी नाराज आहेत. माझ्या मते ही तडजोड योग्यच होती, कारण वाऱ्याच्या हाती सर्वांत आधी लागतो तो बाहेर आलेला भागच.

तक्रारीही आहेत. तीन आठवड्यांचे काम सहा आठवडे चालले आणि काढलेले जुने पत्रे आठ दिवस गच्चीवर मोकळे पडून होते. ज्या कारणासाठी काम काढले, त्याचाच विसर पडल्यासारखे ते होते, आणि शेवटी आम्हीच ते दोराने बांधून ठेवले. काही स्क्रू जास्त आवळल्याने रबरी वॉशर फाटले व दोन ठिकाणी गळती सुरू झाली. ती दुरुस्त करून घेण्यासाठी तीनदा फोन करावा लागला. एकूण खर्च इतर कोटेशनांपेक्षा सुमारे पाव हिश्शाने जास्त झाला.

६ मे २०२५ च्या रात्री विजा आणि सोसाट्याच्या वाऱ्यासह अवकाळी पाऊस आला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनबरोबर गच्चीवर जाऊन चारही कोपरे हाताने हलवून पाहिले. एकही पत्रा जागचा हललेला नव्हता. पन्हळीत मात्र गुलमोहराच्या फांद्या अडकून पाणी तुंबले होते, कारण पन्हळ अरुंद ठेवली गेली आहे. तेवढी ती रुंद करून द्यावी आणि दरवर्षी एप्रिलमध्ये स्क्रू तपासण्याचा लेखी करार करावा, असे पत्र आम्ही त्यांना दिले आहे.