ट्रॉम्सोचा रेनडिअर कॅम्प: स्लेजसाठी नाही, तिथल्या लोकांच्या गप्पांसाठी जा

जानेवारीअखेर आईला घेऊन नॉर्वेला गेलो तेव्हा ट्रॉम्सोजवळचा हा सामी (तिथले मूळ रहिवासी, रेनडिअर पाळणारे) कुटुंबाचा कॅम्प केला. बस गावातूनच नेते, पोचल्यावर जाड ओव्हरऑल आणि बूट देतात, ते घालाच.

आधी हातात खाद्याची बादली देतात आणि थेट कळपात सोडतात. आई सुरुवातीला घाबरली, पण पाच मिनिटांत तिच्याभोवती गर्दी! चालताना त्यांच्या पायातून टिक टिक आवाज येतो, मला वाटलं खूर वाजतायत, पण पायातला टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा दोरीसारखा भाग, हाडावरून सरकतो त्याचा आवाज असतो. हरणांमध्ये मादीलाही शिंगं असणारी ही एकच जात, आणि मोठे नर हिवाळ्याच्या सुरुवातीलाच शिंगं टाकतात, त्यामुळे तेव्हा डोक्यावर शिंगं मिरवणाऱ्या बऱ्याचशा माद्याच.

स्लेज राइड मात्र दहा मिनिटांची, एक गोल चक्कर आणि संपलं, तिकीट बघता फारच कमी वाटली. ग्रुपही मोठा होता.

पण नंतर लाव्वूत, म्हणजे त्यांच्या तंबूत, शेकोटीभोवती बसवतात तिथे सगळे पैसे वसूल. त्या दिवशी तापमान शून्याच्या जरा वर होतं, भुरभुर पाऊस, आम्ही खुश की चला थंडी कमी आहे. आणि तो पाळणारा दादा सांगायला लागला की त्यांना सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. रेनडिअर बर्फ खुरांनी उकरून खालचं लायकेन खातात (आपल्या मसाल्यातलं दगडफूल, त्याच्याच भाऊबंदातलं), पण भर हिवाळ्यात पाऊस पडून परत गोठला की वर काचेसारखा थर बसतो, खालचं खाणं मिळतच नाही, मग विकतचं खाद्य घालायचं नाहीतर जनावरं उपाशी. असे हिवाळे आता वाढलेत म्हणाला. आई म्हणाली, अवकाळी पावसाचंच दुखणं रे हे. नंतर बसमध्येही ती तेच बोलत होती.

एक सांगून ठेवते, किती रेनडिअर आहेत असं विचारू नका, ते बँकेत किती पैसे आहेत विचारल्यासारखं असतं. कानावरच्या खुणांबद्दल विचारा, प्रत्येक मालकाची वेगळी असते, खूप मनापासून सांगतात.

जेवणात बिदोस, म्हणजे रेनडिअरचं मटण, बटाटा आणि गाजर घातलेला रस्सा. आई शाकाहारी, तिला भाजीचं सूप मिळालं, पातळ होतं पण गरम. व्हेज हवं असेल तर बुकिंग करतानाच कळवा, आणि दिवसाचाच स्लॉट घ्या, अंधारात कळप नीट दिसत नाही.