दोन आठवडे की बारा वर्षं? कुत्रं फॉस्टर करायचं की दत्तक घ्यायचं

रस्त्यावरून वाचवलेलं कुत्रं घरी आणायचं हे तुमचं ठरलंय, घरच्यांनीही (निदान तोंडदेखला) होकार दिलाय आणि गाडी अडलीय ती एवढ्यावरच, की आधी फॉस्टर करून (म्हणजे काही काळापुरतं घरी सांभाळून) बघावं की सरळ दत्तकच घ्यावं. अशांसाठी हे लिहितोय. लसी, जंतांचं औषध, नसबंदी यांची यादी कुठलाही डॉक्टर देईल, त्यात मी शिरत नाही. आम्ही ठाण्यात दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. आई घरी असते, मी आणि बायको नोकरीला. बराच काळ फॉस्टर केलं, आता दत्तक घेतलेली कुत्री आहे. म्हणजे पारडं कुठे झुकणार ते तुम्ही ओळखलंच असेल. तरी फॉस्टरच्या बाजूचं जे खरं आहे तेही सांगतो.

फॉस्टर ही काही हौशी लोकांनी काढलेली टूम नाही. पिल्लाचे लसीचे डोस पुरे व्हायला साधारण चार महिन्यांचं वय उजाडतं. तोवर त्याला शेल्टरच्या गर्दीत ठेवलं तर पार्व्हो आणि डिस्टेंपर हे जीवघेणे संसर्गजन्य आजार टपलेलेच असतात. पार्व्होत सकाळी उड्या मारणारं पिल्लू रात्री सलाईनवर जातं, आणि कितीदा तरी परत येत नाही. अशा वेळी कुणाच्या तरी घराचा एक कोपरा मिळणं म्हणजे त्याचा जीव वाचणं. दुसरा प्रकार अपघातवाल्यांचा. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी पायाचं ऑपरेशन होतं, पण पुढचे काही आठवडे पट्टी सांभाळत, जिने न चढवता ठेवायला घर लागतं. गल्लीतलं मोठं कुत्रं असेल तर बरं झाल्यावर ते बहुधा आपल्या जागी परत जातं. नसबंदीसाठी उचललेलं कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं, असं भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे २०२३ चे नियमही (एबीसी नियम) सांगतात. या दुसऱ्या प्रकारच्या फॉस्टरबद्दल माझी काहीच तक्रार नाही, कारण त्यात ‘कधीपर्यंत’ हे डॉक्टर सांगतो. माझं सगळं रडगाणं पहिल्या, पिल्लांच्या प्रकाराचं आहे.

बहुतेकांच्या मनात हिशोब असा असतो: आधी फॉस्टर करू, जमलं तर ठेवू. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण नवीन घरी आलेलं कुत्रं पहिले दिवस स्वतःसारखं वागतच नाही. रेस्क्यूवाले तीन-तीन-तीन म्हणतात: तीन दिवस भेदरलेलं, तीन आठवड्यांत घराची रीत कळलेलं आणि तीन महिन्यांनी खरं स्वरूप. आकडे तंतोतंत धरू नका, पण आमच्या घरात क्रम हाच दिसला. सोफ्याखालून न हलणारं एक ‘गुणी’ पिल्लू काही दिवसांनी बाहेर आलं आणि त्याने आईची चप्पल, चार्जरची वायर आणि दिवाणाचा कोपरा याच क्रमाने संपवला. म्हणजे दोन आठवड्यांची चाचणी तुम्हाला नेमकं ते कुत्रं दाखवतच नाही, जे पुढे घरात राहणार आहे. उलट एकामागून एक फॉस्टर घेत गेलात तर घर कायम पहिल्याच महिन्यात अडकून राहतं. पहाटे पाचला कुईकुई, बाल्कनीत ओले पेपर, घरभर फिनेल. आणि हो, घरात पार्व्होचं पिल्लू राहून गेलं असेल तर फिनेलवर भागत नाही. तो विषाणू जागेवर महिनोन् महिने टिकतो, फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसावी लागते, आणि लस न झालेलं पुढचं पिल्लू बराच काळ त्या घरात आणायचं नसतं.

रेबीजबद्दलही एकच सांगतो. दर नव्या कुत्र्याबरोबर नवा, अज्ञात इतिहास घरात येतो, आणि दुधाच्या दातांचे ओरखडे निघतातच. सतत फॉस्टर करणार असाल तर माणसांनी आधीच घ्यायचे रेबीजच्या लसीचे डोस डॉक्टरांना विचारून घेऊन टाका. मग पुढे चावलंच तर धावपळ पुष्कळ कमी होते. जखम साबणाने पंधरा मिनिटं धुणं मात्र तेव्हाही चुकत नाही.

सोसायटीचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच वाटतो, पण तसा नाही. कायद्याने सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना छापून सेक्रेटरींच्या हातात दिल्या की विषय बहुधा मिटतो. शेजाऱ्यांची सवय मात्र कागदाने होत नाही. दर महिन्याला लिफ्टमध्ये वेगळं थोबाड दिसलं की लोक धास्तावतात. आमच्या आताच्या कुत्रीला तिसऱ्या मजल्यावरच्या काकू नावाने हाक मारतात. याच काकू फॉस्टरच्या काळात आम्हाला बघून जिन्याने जायच्या.

‘सोडताना रडू येत नाही का?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. येतं. दोन दिवसांनी ओसरतं, नव्या घरून व्हिडिओ आला की बरंच वाटतं. त्यावरून माझं काहीच ठरलं नाही.

ठरलं ते तारखेवरून.

रेस्क्यूवाल्यांच्या ग्रुपवर फॉस्टरचा निरोप नेहमी एकाच सुरात येतो: ‘दादा, फक्त दोन आठवडे.’ सांगणारी मुलगी खोटं बोलत नसते, तिलाही तसंच वाटत असतं. पण त्या दोन आठवड्यांना शेवट नसतो. घेणारे रविवारी मुलगी बघायला आल्यासारखे येतात, चहा-पोहे होतात, पिल्लू मांडीवर घेऊन फोटो निघतात, आणि मंगळवारी कळतं की घरमालक नाही म्हणतोय. कुणाला नरच हवा असतो. कुणाला काळं चालत नाही. एकांनी तर सगळं पसंत करून जाताना ‘हे मोठं झाल्यावर लॅबसारखं दिसेल ना?’ असं विचारलं होतं. यात कुणी वाईट नाही, पण तारीख पुढे सरकत राहते आणि तिच्यासोबत तुमचं सगळं घर सरकत राहतं. ग्रुपच्या फॉर्मवर अट असते की न विचारता कुत्रं शहराबाहेर न्यायचं नाही. रविवारी कुणी बघायला येऊ शकतं म्हणून रविवारी घर सोडायचं नाही. पिल्लाचे डोस अर्धवट म्हणून बोर्डिंगवाला घेत नाही. आणि शेजारच्यांना ‘दोन दिवस सांभाळा’ म्हणावं, तर ज्या प्राण्यावर आपलाच हक्क नाही तो दुसऱ्याच्या हाती कसा द्यायचा?

आता यात गणपतीचं तिकीट बसवून बघा. आमचं गाव कुडाळकडे. २०२४ च्या नोव्हेंबरपासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होतं. सकाळी आठला खिडकी उघडते आणि तुम्ही कॅप्चा भरेपर्यंत वेटिंग सुरू झालेलं असतं. चाकरमान्याला त्या दोन-तीन मिनिटांत पक्कं माहीत असावं लागतं की घरातून किती माणसं निघणार. मी त्या सकाळी लॅपटॉपसमोर बसलेलो, पायाशी पिल्लू बुटाची नाडी चावतंय आणि ग्रुपवर विचारलेल्या ‘दोन महिन्यांनी हे माझ्याकडे असेल का?’ या प्रश्नाला अंगठा आलेला. त्या अंगठ्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. शेवटी आई आणि बायकोचं तिकीट काढलं. गावी आरत्या चालू होत्या तेव्हा मी ठाण्यात पेपर बदलत होतो. पिल्लू गेलं ते अनंत चतुर्दशीनंतर, घर चांगलं मिळालं. एवढीच गोष्ट. कुणाला ती क्षुल्लक वाटेल, आणि ज्यांना गाव नाही किंवा गणपती नाही त्यांना ती अडणारही नाही. मला अडली.

दत्तकाकडे बघताना आपण बारा-पंधरा वर्षं हा आकडा बघतो आणि हबकतो. मीही हबकलो होतो. पण ती वर्षं निश्चित असतात. आमची बुगडी आली तेव्हा दोनेक वर्षांची होती. नसबंदी झालेली, म्हणून डाव्या कानाला खूण कापलेली. नाव त्यावरूनच पडलं. रिक्षाच्या धक्क्याने पाय मोडला होता, मुलुंडच्या एका बाईंनी तिला फॉस्टर करून उभं केलं आणि त्यांच्याकडून ती आमच्याकडे आली. (म्हणजे मी फॉस्टरला नावं ठेवतोय ते कुणाच्या जिवावर, हे मला ठाऊक आहे.) आता गणपतीचा निर्णय एकदाच घ्यावा लागतो. ट्रेनमध्ये कुत्रं न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे तरी हवा, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. दोन्ही आम्हाला परवडणारं नाही, एक खिशाला आणि दुसरं मनाला. म्हणून आम्ही गाडीने जातो. ती माणगावच्या अलीकडे एकदा ओकते, नंतर मागच्या सीटवर झोपून जाते. गावी पहिल्या दिवशी वाडीतली सगळी कुत्री खळ्यात येऊन भुंकून जातात, दुसऱ्या दिवशी कुणी विचारत नाही.

दत्तकाचे त्रास कमी आहेत असं नाही. डॉक्टरचं प्रत्येक बिल तुमचं. गोचीडताप झाला की महिनाभर गोळ्या पेढ्यात लपवून द्यायच्या, आणि तिसऱ्या दिवशी तिला पेढा ओळखू येतो. दिवाळीत बुगडी न्हाणीघरात जाऊन बसते, आम्ही आळीपाळीने तिच्यासोबत. मागे फिरायची सोयही नाही, आणि नसावीच. रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेणाऱ्यावर ते पुन्हा रस्त्यावर न येण्याची जबाबदारी राहील, असं सुप्रीम कोर्टानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात म्हटलंय. पण यातला प्रत्येक त्रास मला आधी दिसतो, त्याची तजवीज करता येते. माझ्या स्वभावाला ते मानवलं.

तुमचं वेगळं असू शकतं. बदलीची नोकरी असेल, वर्ष-दोन वर्षांत परदेशी जायचं घाटत असेल, तर फॉस्टरच प्रामाणिक. सत्तरीच्या जोडप्यानेही पिल्लू दत्तक घेण्याआधी दहा वर्षांनंतरचं चित्र डोळ्यांपुढे आणावं. त्यांना अपघातातून बरं होणारं मोठं कुत्रं काही आठवडे सांभाळणं जास्त जमेल. घरून काम, धुता येईल अशी बाल्कनी आणि सणावारी कुठे जायचं नाही, एवढं जुळत असेल तर फॉस्टर करणाऱ्यांची खरोखर वानवा आहे. फक्त हो म्हणण्याआधी एक तारीख लिहून घ्या, आणि ती उलटली तर कुत्रं कुणाकडे जाणार त्या माणसाचं नावही.

बाकीच्यांनी माझं ऐकायचं तर पिल्लाच्या मागे न लागता दोन-तीन वर्षांची, कुणाकडे तरी फॉस्टरला असलेली कुत्री बघावी. काळी आणि मादी असेल तर फारशी रांगही नसते. आणि ग्रुपच्या पोस्टवर न जाता जिच्या घरी ती राहतेय त्या बाईंनाच फोन करावा: एकटी राहते का, मांजर दिसली तर काय करते, गाडी लागते का, रात्री कुठे झोपते. त्या खरं सांगतात, त्यांना ती परत यायला नको असते.